दोन जन्मतारखांचं विद्यापीठ

परवा शनिवारी सकाळी सकाळी ताईचा फोन आला, पेठहून. (पेठ म्हटलं की ऑफिसात हमखास "कुठली? सदाशिव की नारायण?" असं विचारतात. तर मंडळी, आमची पेठ नुसतीच पेठ. नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका. नाशिकहून सावळघाट ओलांडून पन्नासेक किलोमीटर, आणि तसंच पुढे गेलं की गुजरातमधलं धरमपूर.)

भाचीला नीटमध्ये मार्क पडलेत, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील इतके नाहीत. बीएएमएसला कदाचित मिळेल. दरम्यान नाशिकमधल्या एका एजंटाने ताईच्या हातात काझानच्या मेडिकल युनिव्हर्सिटीचं गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलंय. ताई आणि भावजी दोघं शिक्षक, त्यामुळे दोघांनी ते लाल पेन घेऊन वाचलं! पहिल्या पानावर स्थापना १८१४ आणि मागच्या पानावर स्थापना १९३०. "ज्याला स्वतःचं जन्मसाल धड सांगता येत नाही त्याच्याकडे पोरीला सहा वर्षं पाठवू का? तू इंजिनियर ना, नेटवर बघून सांग खरं काय ते."

घरच्यांच्या मते इंजिनियर म्हणजे नेटवर बघून सांगणारा माणूस. असो. शनिवार-रविवार मोकळाच होता, बसलो शोधत. आणि सोमवारपर्यंत रशियावरून फिरत फिरत मी पुन्हा नाशिकच्या म्हसरूळला येऊन पोहोचलो. ते कसं, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही सालं खरी आहेत. व्होल्गा नदीकाठच्या काझान शहरात झारने १८०४ मध्ये विद्यापीठ काढलं आणि त्यात वैद्यकीय शिक्षण १८१४ पासून नीट सुरू झालं. हे विद्यापीठ साधंसुधं नाही. टॉलस्टॉय इथे शिकला (म्हणजे नाव घातलं, पदवी न घेताच परत गेला), लेनिन इथल्याच लॉ फॅकल्टीत होता आणि १८८७ मध्ये आंदोलनात भाग घेतला म्हणून हाकलला गेला. बेख्तेरेव्ह या नामांकित मेंदूतज्ज्ञाने १८८५ मध्ये इथे प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आणि एक किस्सा तर भन्नाटच आहे. १८१९ मध्ये मॅग्निट्स्की नावाचा एक कर्मठ सरकारी अधिकारी तपासणीला आला. त्याने आधी विद्यापीठ बंदच करून टाका अशी शिफारस केली. ते झालं नाही, उलट त्यालाच विद्यापीठावर नेमलं. प्रेतांची चिरफाड म्हणजे अधर्म असं त्याचं मत. त्याच्या काळात शरीरशास्त्र विभागातले हाडांचे सांगाडे आणि बरण्यांतले अवयव शवपेट्यांत घालून, प्रार्थना वगैरे म्हणून दफनभूमीत पुरले, असं सांगतात. १८२६ मध्ये त्याची हकालपट्टी झाली आणि १८३७ मध्ये त्याच काझानमध्ये शवविच्छेदनासाठी खास इमारत उभी राहिली.

मग १९३० काय आहे?

१९३० साली सोव्हिएत सरकारने एका फटक्यात देशभरातल्या विद्यापीठांतून वैद्यकीय विभाग कापून वेगळे काढले. प्रत्येकाची स्वतंत्र "मेडिकल इन्स्टिट्यूट" केली आणि ती शिक्षण खात्याकडून काढून आरोग्य खात्याच्या ताब्यात दिली. मॉस्को विद्यापीठाचा १७५८ पासून चालत आलेला वैद्यकीय विभागसुद्धा असाच सुटा होऊन "पहिली मॉस्को मेडिकल इन्स्टिट्यूट" झाला. आज त्याला सेचेनोव्ह विद्यापीठ म्हणतात. काझानच्या विभागाचंही तेच झालं. पुढे सोव्हिएत संघ मोडला, १९९४ मध्ये तिचं "विद्यापीठ" झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या रेपॉझिटरीचा फोर्क मारला, आणि मालकी दुसऱ्या टीमकडे गेली. हिस्टरी कुठून मोजायची, फोर्कपासून की पहिल्या कमिटपासून, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण हे केलं का? कारण सरळ होतं. पहिली पंचवार्षिक योजना चालू होती, नवे कारखाने, सामुदायिक शेती, आणि खेड्यापाड्यांत डॉक्टर नाहीत. विद्यापीठातले प्राध्यापक आपल्या गतीने, आपल्या आवडीने विद्वान तयार करत होते. सरकारला मोजून इतके इतके डॉक्टर हवे होते. ज्याला डॉक्टर वापरायचेत त्यानेच ते तयार करावेत, हा त्यामागचा विचार. शिकवणंही कामाप्रमाणे वाटलं : मोठ्यांचे आजार, मुलांचे आजार आणि स्वच्छता-साथरोग, अशा वेगवेगळ्या फॅकल्ट्या. म्हणजे बालरोगतज्ज्ञ व्हायचं हे पहिल्याच वर्षी ठरायचं! घाईत अभ्यासक्रम इतका आखडला की दर्जा घसरला आणि काही वर्षांतच तो पुन्हा वाढवावा लागला. आणि शिकून बाहेर पडल्यावर सरकार सांगेल त्या गावी तीन वर्षं नोकरी. ही सक्ती सोव्हिएत संघ संपेपर्यंत चालली.

याच्या आधीची तिथली खेडी कशी होती ते कळायला आकडेवारीपेक्षा कथा बऱ्या. चेखॉव्ह मॉस्को विद्यापीठातून १८८४ मध्ये डॉक्टर झाला आणि १८९२ च्या कॉलऱ्यात मेलिखोवो भागातल्या गावांमधून फिरला. बुल्गाकॉव्ह १९१६ मध्ये कीव्हमधून पास झाला आणि स्मोलेन्स्क भागातल्या निकोल्स्कोये नावाच्या आडगावी एकटा जाऊन पडला. त्या अनुभवांवर त्याने ज्या गोष्टी लिहिल्या त्या जरूर वाचा. बर्फ, कंदील, आडवं आलेलं बाळ, आणि हातात ताजं सर्टिफिकेट घेऊन आतून थरथरणारा पोरगा. मी त्या पेठच्या पावसाळ्यात वाचल्या होत्या. बर्फाच्या जागी पाऊस घातला की बाकी फार काही बदलावं लागलं नाही.

त्या गोष्टींत डॉक्टरच्या शेजारी आणखी एक माणूस कायम असतो : फेल्डशर. डॉक्टर नाही, नर्स नाही, मधला. तीनेक वर्षं शिकलेला, जखमा शिवणारा, औषध देणारा, आणि बहुतेक वेळा त्याच भागातला. क्रांती झाली, डॉक्टर वाढले, तरी रशियाने फेल्डशर काढून टाकला नाही. आजही तिथल्या छोट्या गावांत फेल्डशर आणि सुईणीचं केंद्र असतं.

हा फेल्डशर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९९८ पर्यंत महाराष्ट्रातली मेडिकल कॉलेजं ज्या त्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेली होती. बीजे पुणे विद्यापीठाला, नागपूरचं मेडिकल नागपूर विद्यापीठाला, औरंगाबादची घाटी मराठवाडा विद्यापीठाला, मिरज शिवाजी विद्यापीठाला. त्याच विद्यापीठात बीए, बीकॉम, एलएलबी, सगळं. प्रत्येकाचा अभ्यासक्रम थोडा वेगळा, परीक्षा वेगळी, निकालाची तारीख वेगळी. आणि वैद्यकीय परीक्षेतला एकेक मार्क म्हणजे काय चीज असते ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९८६ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेतल्या मुलीच्या गुणांच्या वादात हायकोर्टाने ताशेरे मारले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

त्याच सुमाराला आंध्रने १९८६ मध्ये विजयवाड्याला देशातलं पहिलं आरोग्य विद्यापीठ काढलं. १९८७ च्या बजाज समितीने राज्याराज्यांत अशी विद्यापीठं काढा म्हणून सांगितलं. तामिळनाडूने काढलं, १९९६ मध्ये कर्नाटकाने काढलं, आणि जून १९९८ मध्ये महाराष्ट्राने. आपलं मुंबईत नाही, पुण्यात नाही, चक्क नाशिकला! महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिंडोरी रोड, म्हसरूळ. पेठ रोड आणि दिंडोरी रोड दोन्ही पंचवटीतून फुटतात. पेठची एसटी आरटीओकडून आत येते, त्यामुळे आम्हाला हे विद्यापीठ कधी वाटेत लागलं नाही.

थोडक्यात १९३० ला काझानमध्ये जे झालं तेच १९९८ ला इथे. सगळ्या विद्यापीठांतून वैद्यकीय भाग कापला, एका छताखाली आणला, आणि तो वैद्यकीय शिक्षण खात्याशी बांधला. राज्यपाल कुलपती, वैद्यकीय शिक्षणमंत्री प्रति-कुलपती, मग कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, अभ्यासमंडळं. पहिले कुलगुरू डॉ. दयानंद डोणगावकर. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर सैन्यातून निवृत्त होऊन इथे कुलगुरू म्हणून आल्या. त्या पुण्याच्या एएफएमसीच्या विद्यार्थिनी, आणि एएफएमसीही याच विद्यापीठाला जोडलेलं.

फरक दोन आहेत, आणि दोन्ही मोठे आहेत.

पहिला असा की रशियातलं विद्यापीठ एका शहरातलं असतं आणि दवाखान्याला चिकटलेलं असतं. मॉस्कोत दिविच्ये पोले या भागात १८८० नंतर विद्यापीठाच्या स्वतःच्या रुग्णालयांची रांगच उभी राहिली, श्रीमंत व्यापारी घराण्यांच्या देणग्यांवर. काझानमध्ये विद्यापीठाचे विभाग शहरातल्या इस्पितळांत बसतात; प्राध्यापकाची खोली आणि वॉर्ड एकाच जिन्यावर. आपलं म्हसरूळचं विद्यापीठ मात्र मुळात परीक्षा घेणारं. राज्यभरातली शेकडो कॉलेजं त्याला जोडलेली. त्यांना मान्यता द्यायची, अभ्यासक्रम ठरवायचा, पेपर काढायचे, निकाल लावायचा, पदवी द्यायची. शिकवणार दुसरे, रुग्ण तिसऱ्यांचे. ही सवय इंग्रजांची. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजे हॉस्पिटल जोडीने सुरू झाले. भाऊ दाजी लाड ज्या पहिल्या तुकडीत १८५१ मध्ये डॉक्टर झाले तेव्हा मुंबईत विद्यापीठच नव्हतं, कॉलेजच पदविका द्यायचं! मग १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर विद्यापीठ निघालं, ते परीक्षा घेण्यापुरतं. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ हे पहिल्यापासून रुग्णालयाच्या बाहेर, टेबलापलीकडे बसलेलं.

म्हसरूळच्या विद्यापीठाला जन्मानंतर वीस-बावीस वर्षं स्वतःचं शिक्षण-रुग्णालय नव्हतं. नाशिक हे आरोग्य विद्यापीठाचं गाव, पण सरकारी मेडिकल कॉलेज मात्र नाही, ही गंमत नाशिककरांनी बरीच वर्षं चघळली. (खाजगी होतं, मराठा विद्या प्रसारकचं, आडगावला, १९९० पासून.) शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात नाशिकचं एक.

एकाच छताखाली आणण्याचं स्वप्नही थोडं गळकं निघालं. १९८३-८४ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. आमच्यासारखे कितीतरी इंजिनियर त्याच लाटेतले. त्या लाटेतली बरीच श्रीमंत मेडिकल कॉलेजं पुढे अभिमत विद्यापीठं झाली. भारती विद्यापीठ तर १९९६ मध्येच, मग २००३ ते २००५ च्या आसपास पिंपरी, लोणी, सावंगी, कऱ्हाड. परीक्षा त्यांची त्यांची. एकसारखेपणा उरला तो सरकारी आणि मधल्या कॉलेजांसाठी. मला हे पटत नाही, पण ते एक वेगळं रडगाणं आहे, पुढे कधीतरी.

दुसरा फरक भाचीच्या कामाचा आहे. काझानमध्ये एकच वैद्यक शिकवतात, आधुनिक. म्हसरूळला आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांच्या विद्याशाखा एकाच इमारतीत नांदतात. कागदावर ते बरं दिसतं. प्रत्यक्षात पेठसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ काय होतो ते बघा.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. स्वतंत्र भारताची आरोग्यव्यवस्था त्यावर उभी राहिली, आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यातूनच आली. या समितीवर रशियाची छाप होती. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिणारे हेन्री सिगरिस्ट १९४४ मध्ये सल्ल्यासाठी भारतात येऊन गेले होते. पण समितीने रशियाकडून एक गोष्ट घेतली नाही. आपल्याकडेही तेव्हा मधला डॉक्टर होता : लायसेन्शिएट, म्हणजे मेडिकल स्कूलमधून कमी वर्षांत शिकलेला एलएमपी किंवा एलसीपीएस. जुन्या मराठी कादंबऱ्यांतले गावोगावचे डॉक्टर बहुतेक हेच. समितीने म्हटलं, आता एकच दर्जा, एमबीबीएस. काही सदस्यांनी विरोधात लिहिलं की डॉक्टर इतके कमी असताना हे बंद करू नका. बहुमत झालं, मेडिकल स्कूलं बंद पडली किंवा कॉलेजं झाली. पुण्याचं बीजे मेडिकल स्कूल १९४६ मध्ये कॉलेज झालं.

उद्देश चांगलाच होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का? पण मग खेड्यात पहिल्या दर्जाचा जाईना आणि दुसऱ्या दर्जाचा राहिला नाही. सरकारी कॉलेजातून निघालेल्याला एक वर्ष ग्रामीण सेवेचा बाँड असतो. बरीच वर्षं एमबीबीएसवाले दहा लाख भरून त्यातून सुटू शकत होते. (रशियाही पुन्हा त्याच वळणावर आलाय. सोव्हिएतनंतर ढिली सोडलेली सक्ती तिथे २०२५ मध्ये कायदा करून परत आणली, नवख्या डॉक्टरांना सरकारी व्यवस्थेत तीन वर्षांपर्यंत काम.)

मग इथली गाडी चालवली कोणी? मुख्यतः बीएएमएसवाल्यांनी. १९९५ च्या नवसंजीवन योजनेत आदिवासी भागासाठी भरारी पथकं निघाली, जीपमधून पाड्यापाड्यांवर फिरणारी. त्यातले डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे, वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर. लहानपणी शाळेच्या ओट्यावर आमची वजनं केलेली आठवतात ती अशाच एका जीपमधल्या माणसाने. आम्ही त्यांना "डॉक्टर" म्हणायचो, शाखा कोणी विचारत नव्हतं. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले : बीएएमएस किंवा नर्सिंगची पदवी आणि वर सहा महिन्यांचा खास कोर्स. होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स निघाला तो म्हसरूळच्याच विद्यापीठाचा. त्यांची मेडिकल कौन्सिलकडे नोंद करायची की नाही यावरून २०२५ मध्ये आयएमएने संप केला.

थोडक्यात, १९४६ ला पुढच्या दाराने घालवलेला फेल्डशर मागच्या दाराने, तीन-चार वेगवेगळे कपडे घालून परत आलाय. फरक इतकाच की रशियात त्याला सुरुवातीपासून त्याच कामासाठी शिकवतात. आपण त्याला साडेपाच वर्षं एक शास्त्र शिकवतो आणि मग सहा महिन्यांत दुसरं काम सांगतो. त्यात त्याचा काही दोष नाही. आयएमएचं म्हणणं मला समजतं, पण ते म्हणणाऱ्यांपैकी कितीजण सावळघाटाच्या पलीकडे बदली घेतील, हेही मला माहीत आहे.

रविवारी रात्री ताईला फोन लावला. म्हटलं, विद्यापीठ खरं आहे, दोन्ही तारखा खऱ्या आहेत. पण परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. ती २००२ पासून आहे आणि दर वेळी निम्म्याहून बरेच कमी पास होतात. वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्ण बोलणार रशियन नाहीतर तातार. चौथ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर त्याला "कुठे दुखतंय" हे त्याच्या भाषेत विचारता आलं नाही तर विद्यापीठ १८१४ चं असून काय उपयोग? एजंटाला जन्मसाल नको, हे विचारा : रशियन किती तास शिकवता आणि कोणत्या वर्षापासून, कोणत्या हॉस्पिटलात, एका रुग्णाभोवती किती पोरं?

ताईने फोन भाचीकडे दिला. ती म्हणाली, "मामा, हेच प्रश्न मी बीएएमएसच्या कॉलेजांनापण विचारू ना? तिथे हॉस्पिटलात पेशंट असतात की नुसत्या खाटा?"

म्हटलं, विचार की.

"आणि मला कोकणा बोली येते. तिचे कुठे मार्क मिळतात का?"

ते काही मला नेटवर सापडलं नाही. पुढच्या शनिवारी पेठला जातोय. येताना भाचीला घेऊन आधी दिंडोरी रोडला जाईन, मग आडगावला, आणि तिला दोन्ही ठिकाणी आत नेऊन दाखवीन.